हेलपाटा वाचवा, फेरी वाचवू नका



हल्ली गावात बैठकीला गेलो की खताचा आणि बियाण्याचा विषय संपता संपता एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, अमुक यंत्र निघालंय म्हणतात. घ्यावं का?" कुणी घरबसल्या मोबाईलवरून पंप चालू करणाऱ्या पेटीविषयी विचारतो. कुणाला जमिनीत पुरायचे ओलावा मोजणारे यंत्र हवे असते. कुणाच्या मुलाने फोनवर दहा ॲप भरून ठेवलेले असतात आणि त्यातले कामाचे कोणते, हे बापाला कळत नसते. कुणी बारामतीला जाऊन संगणकाच्या सल्ल्यावर वाढवलेला ऊस पाहून आलेला असतो आणि त्याच्या डोक्यातून तो ऊस जात नाही.

खुटबावसारख्या गावात हा प्रश्न आता चैनीचा राहिलेला नाही. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याचा कालवा आणि मधल्या शिवारात ऊस. वस्त्या मळ्यांत विखुरलेल्या. विहीर एकीकडे, घर दुसरीकडे, कागदपत्रांची कचेरी तिसरीकडे, दौंडला. अशा ठिकाणी माणसाचा निम्मा दिवस जाण्यायेण्यात जातो. मग जाणेयेणे वाचवणारे यंत्र दिसले की मन ओढ घेणारच.

म्हणून आज एक साधे माप सांगतो. यंत्र कोणतेही असो, महाग असो की स्वस्त, त्याला एकच प्रश्न विचारा. "तू माझा कोणता हेलपाटा वाचवतोस?" हेलपाटा म्हणजे केवळ एक कळ दाबायला, एक कागद आणायला किंवा एक आकडा विचारायला मारलेली खेप. ती वाचली तर यंत्र कामाचे. मात्र शेतात आणखी एक जाणे असते. ते म्हणजे सकाळी बांधावरून केलेली फेरी, पिकाकडे पाहत, मातीत हात घालत केलेली. ती वाचवायची नसते. हेलपाटा आणि फेरी यांतला फरक ज्याला कळला, त्याला कोणते यंत्र घ्यावे हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

रेडिओ आला तेव्हा

नवे यंत्र खेड्यात येण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने आपल्या भागात एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात ऐकणाऱ्यांचे मंडळ केले. अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व मते आकाशवाणीला कळवायची, अशी रीत होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. त्यात जे दिसले ते आजही भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. जिथे मंडळ बसून चर्चा होत होती, तिथल्या लोकांच्या ज्ञानात चांगली भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही. यंत्र तेच आणि आवाजही तोच, पण फरक पाडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने.

आज प्रत्येकाच्या खिशात तो रेडिओ आहे. व्हॉट्सॲपवर रोज पन्नास गोष्टी येतात. अमुक फवारणी करा, तमुक खत टाका, असे सांगितलेले असते. वाचणारा एकटा वाचतो आणि पुढे ढकलतो. त्यावर चार जाणती माणसे पारावर बसून बोलत नाहीत. तुमच्या गावात शेतकरी गट असेल तर आठवड्यातून एकदा बसा आणि त्या आठवड्यात फोनवर आलेल्या एकाच सल्ल्यावर बोला. कोणत्या जमिनीसाठी तो आहे? कोणत्या हंगामासाठी? कुणी करून पाहिले आहे का? शंका उरली तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या नंबरवर मराठीत विचारा. २००४ सालापासून ही सोय आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत.

वारणेचा धडा

आता दुसरी गोष्ट, तीही उसाच्याच मुलखातली. १९९८ साली कोल्हापूरकडच्या वारणा खोऱ्यात मोठा प्रयोग सुरू झाला. वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली आणि ती कारखान्याशी जोडली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह असे तिघांनी मिळून हे काम केले. शेतकऱ्याला पीकसल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, जगातली माहिती गावात येईल, अशी कल्पना होती. त्या काळात हे फार पुढचे पाऊल होते आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पुढे काही वर्षांनी तिथे अभ्यास झाला. लोक त्या संगणकाचा उपयोग कशासाठी करतात, हे पाहिले गेले. तेव्हा आढळले की जगातल्या माहितीला गिऱ्हाईक थोडे. शेतकरी यायचा तो आपल्या उसासाठी. लागणीची नोंद झाली का? माझ्या उसाचे वजन किती भरले? माझ्या नावावर खत किती निघाले? एवढ्याच प्रश्नांसाठी तो यायचा.

मग २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेच्या मंडळींनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवला आणि तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर आणले. शेतकऱ्याने ठरलेला मजकूर पाठवायचा आणि कारखान्याकडून वजनाचा आकडा परत यायचा. ते संगणकापेक्षा स्वस्त पडले, आणि केंद्रापर्यंतची खेपही वाचली.

यातून काय घ्यायचे? यंत्र जितके मोठे तितका उपयोग मोठा, असे नसते. शेतकऱ्याचा प्रश्न लहान आणि नेमका असतो. चिटबॉयला गाठायचे, गट ऑफिसला जायचे, तिथे साहेब नाहीत म्हणून परत यायचे, हे त्याचे दुखणे होते. त्या दुखण्यावर साधा फोन पुरला. आजही तुम्ही ज्या कारखान्याला ऊस घालता, त्याच्याकडे आपला मोबाईल नंबर बरोबर नोंदला आहे का, लागणीची तारीख आणि उसाची जात बरोबर लिहिली आहे का, हे आधी पाहा. हे काम फुकटात होते आणि हजारो रुपयांच्या यंत्राआधी करायचे असते.

रात्रीचा पंप

आता सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या पेटीकडे येऊ. शेतीची वीज ज्या फीडरवर अजून रात्रीच्या पाळीने येते, तिथल्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही. समजा, विहीर वस्तीपासून एक किलोमीटरवर आहे. वीज आली म्हणून एकदा गेलात, मध्येच गेली आणि पुन्हा आली म्हणून दुसऱ्यांदा, बंद करायला तिसऱ्यांदा. जाऊन येऊन सहा किलोमीटर झाले. आठवड्यात अशा तीन रात्री धरल्या तर १८ किलोमीटर, तेही अंधारात आणि केवळ कळ दाबायला. शेताला पाणी दिले जाते बाऱ्याने. तिथे माणूस लागतोच, पण वीज आहे की नाही हे बघायला माणूस का जावा?

त्यातच आता बिबट्याचे भय आहे. शिरूर आणि दौंडच्या उसात त्याचा वावर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात त्याच्या हल्ल्यांत लेकरे आणि एक म्हातारी बाई दगावली. अशा दिवसांत रात्रीचा एक हेलपाटा वाचणे म्हणजे नुसती दमणूक वाचणे नव्हे.

मोबाईलवरून पंप चालवण्याची युक्ती आपल्याच पुण्यातली आहे. संतोष ओस्तवाल नावाच्या पुण्याच्या विद्युत अभियंत्यांनी 'नॅनो गणेश' नावाची पेटी तयार केली. ही पेटी स्टार्टरला जोडायची आणि तिच्यात सिमकार्ड घालायचे. घरून फोन लावला की वीज आहे की नाही हे कळते, पंप चालू करता येतो आणि बंदही करता येतो. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या युक्तीला बक्षीस मिळाले. आता अशा पेट्या अनेक कंपन्या करतात. पेटी कुणाचीही घ्या, पण पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली गोष्ट, विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज आहे ते स्वतः फोन नेऊन पाहा. पेटीत कोणते सिम चालते ते विचारा. काही जुन्या पेट्या फक्त टू-जीवर चालतात आणि प्रत्येक कंपनीचे टू-जी मिळत नाही.

दुसरी गोष्ट, विहिरीचे पाणी तळाला गेले आणि मोटर कोरडी चालू लागली तर ती आपोआप बंद होते का? एक फेज गेला तर बंद होते का? ही दोन संरक्षणे नसतील तर पेटीने वाचवलेले पैसे मोटर बांधायला जातील.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. वीज आली की आपोआप पंप सुरू करणारा ऑटोस्विच आणि तुमच्या फोनने सुरू होणारी पेटी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटोस्विच लावले की वीज येताच डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. सगळ्यांनी एकदम ओढली की रोहित्र जळते आणि मग सगळ्या वाटेकऱ्यांची पिके वाळतात. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे पुन्हा पुन्हा सांगत असते. फोनची पेटी असेल तर एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवावे. वीज आल्यावर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने पंप सुरू करावेत. हे कुठल्याही यंत्रात येत नाही, ते शेजाऱ्याशी बोलूनच होते.

चौथी गोष्ट जिवाची आहे. जो पंप घरातून सुरू होऊ शकतो, त्याला विहिरीवर हात लावताना दुप्पट सावध राहा. तुम्ही मोटर दुरुस्त करत असाल आणि घरी मुलाने सहज कळ दाबली तर? म्हणून मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मगच काम करा. घरातल्या प्रत्येकाला हा नियम सांगून ठेवा.

आणि पाचवी गोष्ट. हेलपाटा वाचला म्हणून पाणी वाढवू नका. पूर्वी थकवा येत असे म्हणून तरी पंप बंद होई. आता अंथरुणातून पंप चालतो आणि बंद करायचा राहून जातो. कालव्याच्या भागात जास्त पाण्याने जमिनी क्षारपड आणि चोपण झालेल्या आपण पाहतो. पांढरी पडलेली जमीन कुठल्याही ॲपने काळी होत नाही. पेटीत ठरावीक वेळेला पंप बंद करण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा.

कागदाचे हेलपाटे

पंपानंतर दुसरा मोठा हेलपाटा कागदाचा. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे जायचे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ते दुसऱ्या गावी गेले म्हणून परत यायचे. आज महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. दौंडच्या एका खेपेचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर हा फायदा कुणालाही कळेल.

ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची. ती राहिली तर नुकसानभरपाई आणि पीककर्जाच्या वेळी अडचण येते. गंमत अशी की हे ॲप तुम्हाला घरी बसू देत नाही. शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. कचेरीचा हेलपाटा वाचतो आणि शेतातली फेरी होते. मला विचाराल तर चांगले ॲप असेच असावे.

२०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढला नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात जाऊन काढून घ्या. एकदाचा हेलपाटा पडेल, पण पुढचे अनेक वाचतील.

एक ॲप मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये असावे. त्याचे नाव 'दामिनी'. पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ते तयार केले आहे. तुम्ही आहात त्या जागेच्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते इशारा देते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात शेतात माणसे असतात, शेळ्या-गुरे असतात. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, विहिरीच्या लोखंडी पाइपापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर व्हा, पक्क्या घरात जा.

बारामतीचा ऊस

आता ज्याची सध्या सगळीकडे चर्चा आहे त्याविषयी. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. २०२४ च्या कृषी प्रदर्शनात लोकांनी तो ऊस पाहिला आणि २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचे उदाहरण जगापुढे ठेवले. त्याच वर्षी राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले आणि 'महाविस्तार' नावाचे, मराठीत विचारले तर मराठीत उत्तर देणारे ॲपही आणले.

हे काम कसे चालते ते साध्या शब्दांत सांगतो. शेतात लहानसे हवामान केंद्र उभे करतात. ते ऊन, वारा, पाऊस आणि हवेतला ओलावा मोजते. जमिनीत मुळांपाशी यंत्र पुरतात, ते ओल मोजते. आकाशातून उपग्रह पिकाची छायाचित्रे घेतो, त्यात पीक कुठे पिवळे पडले ते दिसते. हे सगळे आकडे एकत्र करून संगणक हिशेब करतो आणि तुमच्या फोनवर सल्ला येतो, की आज एवढे पाणी द्या, एवढे खत द्या, अमुक कोपऱ्यात जाऊन पाहा. पाण्यात मोठी बचत आणि उत्पादनात चांगली वाढ होते, असे ट्रस्टचे सांगणे आहे.

म्हणजे आपले जुने शब्द वापरायचे तर हे यंत्र वाफसा मोजते. वाफसा काय हे तुम्हाला विद्यापीठाने शिकवले नाही, बापाने शिकवले. आता यंत्र बसवणार असाल तर माझी एक विनंती आहे. पहिले दोन-तीन महिने यंत्राचा आकडा आणि आपली मूठ दोन्ही जुळवून पाहा. यंत्राजवळ वीतभर खोल माती काढा आणि मुठीत दाबा. गोळाच होत नसेल तर पाणी हवे. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. हाताला चिखल लागला किंवा गोळा पडूनही तसाच राहिला तर पाणी देऊ नका. यंत्र आणि मूठ एकच सांगू लागली की मग यंत्रावर विसंबा. दोघांचे पटत नसेल तर यंत्र चुकीच्या जागी पुरले आहे का ते कंपनीच्या माणसाला दाखवा. एकाच रानात वरच्या टोकाला मुरमाड आणि खालच्या टोकाला काळी जमीन असेल तर एका टोकाचा आकडा दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही.

खर्चाचेही पाहा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण यंत्रालाही लागू आहे. दोन एकरांसाठी एकट्याने सगळे घेण्यापेक्षा लागून असलेल्या रानांतल्या पाच-सहा जणांनी मिळून एक हवामान केंद्र घ्यावे. पाऊस आणि वारा बांध पाहून बदलत नाहीत. यंत्राची किंमत विचारताना दरवर्षीची वर्गणीही विचारा. पहिल्या वर्षी अनुदान असते, दुसऱ्या वर्षी बिल येते. बिल भरले नाही तर सल्ला बंद होतो का, आणि तोवर जमलेले आकडे आपल्याला मिळतात का, हे लिहून घ्या. तुमच्या रानाचे आकडे हीसुद्धा तुमची मिळकत आहे.

आणि ठिबक नसेल तर आधी ठिबकचा विचार करा. पाणी किती द्यायचे हे संगणकाने अचूक सांगितले आणि तुम्ही ते पाटाने सोडले, तर सांगण्याचा उपयोग काय?

उंटावरून शेळ्या

या सगळ्यात एक धोका मला दिसतो. शहरात नोकरीला असलेला मुलगा तिकडूनच पंप चालवतो, तिकडूनच उपग्रहाचे चित्र बघतो आणि गावाकडच्या म्हाताऱ्या बापाला फोनवर सूचना देतो. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. चित्रात पिवळा पट्टा दिसतो, पण तो हुमणीने आला, लोह कमी पडल्याने आला की पाणी साचल्याने, हे पान हातात घेऊन आणि बुडखा उकरून पाहिल्याशिवाय कळत नाही. यंत्र कुठे जायचे ते सांगेल. जायचे मात्र माणसानेच.

फोन घरात कुणाकडे?

भगिनींनो, आता तुमच्यासाठी. खुरपणी तुम्ही करता, खत तुम्ही टाकता, धारा तुम्ही काढता, आणि फोन असतो मालकाच्या खिशात. मालक गावात असताना विजेचा इशारा त्यांच्या खिशात वाजतो आणि तुम्ही रानात असता. हे बरे नाही. पंपाच्या पेटीत दोन-तीन नंबर नोंदता येतात, त्यातला एक तुमचा असू द्या. दामिनी ॲप रानात जाणाऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. बचत गटाच्या बैठकीत एखादी शाळकरी मुलगी बोलवा आणि बोलून मराठीत कसे लिहायचे ते तिच्याकडून शिकून घ्या. लिहिता येत नाही म्हणून अडून राहण्याचे दिवस गेले. फोन आता बोललेले ऐकतो.

पण सावधही राहा. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' असे नाव दिलेली एपीके फाइल आली तर तिला बोट लावू नका. ती उघडली की फोनचा ताबा भामट्याकडे जातो आणि खात्यातले पैसे जातात. सरकार कधीही अशी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मग तो बँकेचा म्हणो की कृषी खात्याचा. मी स्वतः फोन करून मागितला तरी सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आठ दिवसांची वही

शेवटी एक घरचा अभ्यास देतो. नवे यंत्र घेण्याआधी आठ दिवस मुलांच्या जुन्या वहीत एक टिपण ठेवा. घरातले कोण, कुठे, कशासाठी गेले आणि काम झाले की नाही, एवढेच लिहायचे. विहिरीवर किती वेळा, बँकेत किती वेळा, कारखान्याच्या गट ऑफिसला किती वेळा, गुऱ्हाळावर भाव विचारायला किती वेळा, दवाखान्यात किती वेळा. बाईमाणसाच्या खेपाही लिहा, त्या नेहमी मोजायच्या राहतात.

आठव्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांनी मिळून ती वही वाचा. ज्या खेपेला नुसती कळ दाबली, नुसता आकडा विचारला किंवा रिकाम्या हाताने परत आलात, तिच्यापुढे फुली मारा. ते हेलपाटे. ज्या खेपेला पीक पाहिले, पाण्याची गळती सापडली, गाभण गाईचे लक्षण कळले किंवा शेजाऱ्याकडून नवी गोष्ट समजली, तिच्यापुढे बरोबरची खूण करा. त्या फेऱ्या.

फुल्या जिथे जास्त पडल्या तिथले यंत्र आधी घ्या. बहुतेक घरांत ते एकच निघेल आणि बहुधा फार महागाचे नसेल. बाकीच्यांना थांबू द्या. नव्याचे नऊ दिवस सरले की त्यांची किंमत उतरते आणि शेजाऱ्याचा अनुभवही तोवर फुकट मिळतो.

वहीत काय निघाले ते जरूर कळवा. कोणत्या गावात कोणते हेलपाटे जास्त आहेत हे समजले, तर आमच्या खात्यालाही कोणत्या बैठकीत काय सांगायचे ते कळेल.